आबांच्या आवाजावरची पट्टी

आबा, तुमचा आवाज आईला टोचत होता, म्हणून काही दिवस मी तो मऊ करायच्या खटपटीत होते. आवाज म्हणजे कॅसेटमधला. कपाटात राहिलेली ती एकच कॅसेट धुळ्याच्या एका दुकानात देऊन मी मोबाइलवर उतरवून आणली. दोंडाईच्याच्या घरी मामाने नवा टेपरेकॉर्डर आणला होता, तेव्हाची ती. मिरचीच्या मार्केटमध्ये दिवसभर लिलाव पुकारून तुम्ही घरी येता, चुलीसमोर बसता आणि मामाने बटण दाबताच आईच्या कळण्याच्या भाकरीचा लिलाव सुरू करता. "बोला शेठ, गरम माल शे, कडक माल शे!" मागून आई म्हणते, "ती भाकर इकाले नही शे. गुपचूप खाई ल्या." मग तुम्ही हसता. एवढंच आहे त्यात. पण तुम्ही गेल्यावर तुमचा आवाज दुसरीकडे कुठेच राहिला नाही.

आई आता माझ्याकडे जळगावला असते. तिचं ऐकणं कमी होत चाललंय. मोबाइल नुसता समोर धरला तर तिला शब्द लागत नाहीत, म्हणून कानात बसणारे, तारेचे, स्वस्तातले इअरफोन आणले. तिने ते घातले, थोडं ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिले. "कानमा टोचस," म्हणाली. जरा थांबून, "हाऊ त्यासना आवाज नही. कोना आवाज लई उनी तू?" कोणाचा आवाज आणलास, हे ती मला खरोखर विचारत होती. मी इअरफोन गुंडाळून ठेवले. तिचे कान अजून किती दिवस साथ देतील सांगता येत नाही, आणि तिनेच तुम्हाला ओळखलं नाही तर ती कॅसेट जपून तरी काय उपयोग, हे मात्र डोक्यातून जाईना.

मी स्वतः घालून पाहिले. खरंच, प्रत्येक स आणि च दाभणासारखा येत होता. 'शेठ' म्हणताना तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. माझ्या मोबाइलमध्ये आवाजातला टोचरा भाग तेवढा कमी करायची सोय आहे, पण आईच्या बटणांच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग टाकलं तर तिथे ती नाही, आणि तिला वाटेल तेव्हा, मला न विचारता ऐकता यावं अशी माझी इच्छा होती. मग कुठेतरी वाचलं की इअरफोनचं रबर काढलं की नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिथे थोडा अडसर केला तर आवाजाची धार कमी होते. आई देवासाठी वाती वळत बसली होती. तिच्याच पुढ्यातला कापूस घेऊन मी नळीत भरला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "गोधडीमझार बसीसन बोली राहिनात का त्या?" गोधडीत शिरून बोलणारे तुम्ही! आम्ही दोघी पुष्कळ हसलो. आपण कपाशीच्या मुलखातली माणसं, कापूस घ्यायचा म्हटलं की जरा जास्तच घेतो.

शेवटी मी कामाला जाते त्या लॅबमध्ये रक्त काढल्यावर आम्ही लोकांच्या हाताला लावतो ती कागदी चिकटपट्टी घेतली. तिचा मसुराएवढा तुकडा जाळीवर आणि मधोमध सुईने भोक. भोक बारीक राहिलं की तुम्ही शेजारच्या घरातून बोलल्यासारखे, मोठं झालं की पुन्हा तो पत्रा. पट्टी काढायची, नवी लावायची. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. आई बघत होती. "शिवनकाममा अशी नजर लावती तर बरं व्हतं," एवढं ऐकवून झालंच तिचं.

मग तिने इअरफोन घातले. 'शेठ' येऊन गेला, तिच्या कपाळावर आठी आली नाही. पुढे तुम्हाला ठसका लागतो. मिरचीच्या खकाण्याने रोज संध्याकाळी लागायचा तोच. आधी त्या खडखडाटात तो ठसका आहे हे कळतच नव्हतं. आईचा हात बाजूच्या तांब्याकडे गेला. तांब्या उचलून तिने समोर धरला आणि म्हणाली, "पाणी पी ल्या, मंग बोला." समोर मी होते. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यायले. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

आता ती रोज दुपारी ऐकते. मधेच हसते, भाकरीबद्दल काहीतरी उत्तर देते. माझी मात्र अडचण निराळी आहे. मी लहान असताना एकदा मार्केटमध्ये तुमचा डबा घेऊन आले होते. मिरचीच्या ढिगाला हात लावून तोच हात मी डोळ्याकडे नेत होते, तर तुम्ही चालू लिलाव थांबवून तिथूनच ओरडलात, "हात धोय पहिले! डोयाले लावू नको!" व्यापारी, हमाल, सगळे वळून बघायला लागले आणि मी शरमेने रडले. तो आवाज चिरत आला होता, आबा. चुलीसमोरचा मऊ आवाज आईच्या वाट्याचा. मला लांबून ऐकू यायचा तो हा चिरत येणाराच.

हे आईला वाचून दाखवणार नाही. तसलेच दुसरे इअरफोन मी माझ्यासाठी आणलेत, लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. त्यांना पट्टी लावलेली नाही.