वेल्क्रो, मी आणि माझा सोमवार

३ मार्च १९९८
संताप. शाळेचे पितू मास्तर गावच्या सभागृहात ‘शतकाच्या मध्यावरचे शोध’ असं प्रदर्शन भरवत आहेत. प्रेशर कुकर, बॉलपेन, ट्रान्झिस्टर आणि वेल्क्रो, ती बुटांवरची चर्रकन सुटणारी चिकटपट्टी. वेल्क्रोपुढच्या पाटीवर काय, तर एक इंजिनिअर शिकारीहून परतला, कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकलेली दिसली आणि त्याला कल्पना सुचली. धन्य तो कुत्रा. त्याच्या वर्षभर आधी, फ्रिबुर्गच्या कॉन्व्हेंटमध्ये, नऊ वर्षांची असताना मी हीच बोंडं लावून लोकरी टोपी झग्याला जोडली होती. बटण नाही, नाडी नाही. पाटीवर कुत्र्याचासुद्धा उल्लेख आहे, माझा नाही.

४ मार्च
मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सोलांजबाई, शोध लावलात तर मग तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये का बसलात? उद्धट माणूस. शेवटी साक्षीदार आणा म्हणाले. उद्घाटनाला त्याने चारचौघांत सांगितलं, तर पाटीवर माझं नाव घालतील. सोपं आहे.

५ मार्च
सोपं नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेकजणी देवाघरी. एक क्लोतिल्द आहे, पण तिला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. उरली लेओंतीन. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सगळ्यांच्या सामायिक धुण्याच्या मशीनच्या जाळीत माझे केस सापडले, असा आरोप तिने सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा केला, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. ते केस तिच्या मांजराचे होते.

मी तिच्या पाया पडणार नाही. निश्चय.

६ मार्च
वर गेले. पाया पडायला नाही, केक द्यायला. तो मधे खचला, ओव्हनचा दोष. लेओंतीन म्हणाली, ये की गं, या केकवर कुणी बसलं होतं का? हसले. शोध लावणाऱ्याला सोसावं लागतं.

साक्ष देईल म्हणाली. मोबदल्यात तिला माझा सोमवार हवा.

मध्यरात्र उलटली तरी डोळ्याला डोळा नाही. आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आणि तळघरात मशीन एक. प्रत्येकाला एक वार, रविवारी धुणं म्हणजे पाप. सोमवार सगळ्यात चांगला. शनिवारी रात्री राखणदार कोली मशीन आतून घासतो, त्यामुळे सोमवारचं पाणी स्वच्छ. हा वार मिळवायला मला पहिल्या मजल्यावरच्या दोन वृद्धांच्या अंत्ययात्रा पाहाव्या लागल्या. लेओंतीनचा वार शनिवार. आठवडाभराचा सगळ्यांचा गाळ तिच्या वाट्याला.

९ मार्च
दिला. तळघराच्या चाव्यांच्या फळीवर कोलीने नावं बदलली. बदलताना तीनदा विचारलं, बाई, बरं वाटतंय ना? डॉक्टरांना बोलावू? जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने हळूच माझा हात दाबला, जणू घरात कुणी गेलंय. या देशात बाई नवऱ्याला सोडते, धुण्याचा वार सोडत नाही. पण वेल्क्रो जगभर आहे. अंतराळवीर वापरतात. त्यापुढे सोमवार काय?

१२ मार्च
भाषणाचा सराव. सुरुवातीला नम्र राहीन, शेवटी नाही. भाचा बाझील येणार आहे. म्हणाला, मावशी, पत्रकार येतील का? म्हटलं, येतीलच. निळा सूट बाहेर काढला. आखूड झालाय. धुण्याने आटला असावा.

लेओंतीनला काय बोलायचं ते समजावायला गेले. म्हणाली, शिकवू नकोस, मी डोळ्यांनी पाहिलंय तेच सांगीन. यालाच मैत्री म्हणतात.

२० मार्च, रात्री
उद्घाटन झालं.

सभागृह भरलं होतं. पत्रकार एक, तोही वाईनसाठी. मास्तरांनी लेओंतीनला पुढे बोलावलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, मंडळी, शोध आमच्या कॉन्व्हेंटमध्येच लागला, पण लावला मी. सोलांजच्या वेण्या लांब होत्या. किती बोंडं चिकटतात ते बघायचं होतं, म्हणून ती झोपली असताना तिच्या डोक्यावर ओंजळभर ओतली. निघेनात. शेवटी सिस्टर बेनेदिक्तने कात्री आणली. ओढताना आवाजही वेल्क्रोसारखाच, फक्त मोठा. तो सोलांजचा होता. टोपी ती नंतर घालायची, डोकं झाकायला.

बाझील एवढा हसला की त्याचा चष्मा पडला.

मी उठून म्हणाले, हे धादांत खोटं आहे, हिने माझ्याकडून सोमवार घेतलाय! मग सगळीकडून एकदम: सोमवार दिला? सोमवार? कोली मान खाली घालून म्हणाला, मी अडवलं होतं. त्यानंतर वेल्क्रोकडे कुणी पाहिलंच नाही.

२१ मार्च, शनिवार
लेओंतीनकडे सोमवार परत मागितला. ती म्हणाली, पाहिलं ते सांगायचं ठरलं होतं, सांगितलं. मग कॉफी दिली. चांगली होती. दोन कप घेतले, बोलले ते केवळ तिच्यावर उपकार म्हणून.

तळघरात पहिला शनिवार. जाळीत सहा घरांचा लोकरी गोळा. निळा सूट करडा झाला. लेओंतीनची आठ वर्षं अशीच गेली, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं. मला का सुचावं म्हणा.

विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. वेल्क्रोला दोन बाजू असतात. बोंडं काय, रस्त्यावर पडलेली असतात. पण पकडायला केस हवेत! अर्धा शोध माझाच. मास्तरांना फोन करून ठणकावलं. त्यांनी ताबडतोब कबूल केलं. उद्या पाटीवर नाव.

२२ मार्च
चर्चमधली रविवारची प्रार्थना चुकवून सभागृहात गेले. पाटी नवीन. पितू मास्तरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिली आहे. वर मोठ्या अक्षरांत लेओंतीनचं नाव. खाली माझं, पूर्ण: सोलांज ओव्हेर्ने.

त्यापुढे: ‘प्रयोगाचे साहित्य’.