सगुणाचे मागचे पाय

प्रिय आक्का,

आज रविवार. पूजा आटोपली, चहा झाला आणि हात आपोआप फोनकडे गेला. तू फेब्रुवारीत गेलीस, पण रविवारी सकाळी तुला फोन करायची सवय काही गेलेली नाही.

कालची बातमी तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो. आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर म्हणशील, बाळ्या, पाल्हाळ पुरे. सगुणा राहिली. तिला न्यायला ट्रक येणार नाही.

सुनीताला काल घरी आल्याबरोबर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, सुटलात एकदाचे," आणि मेथी निवडत राहिली. तिचं काही चुकलं नाही. पण मला कुणीतरी "मग? पुढे काय झालं?" असं विचारायला हवं होतं. ते तूच विचारलं असतंस ना?

खरं सांगू? तुझी ही घोडी मला कधी कळलीच नव्हती. परदेशात येऊन मॉसन लेक्सच्या शहरी टाऊनहाऊसमध्ये राहणारा, फॅक्टरीत मशिनं दुरुस्त करणारा माणूस मी. तू जनावरांची डॉक्टर, गॉलरच्या पुढे मोकळ्या रानात राहायचीस. रेसमधून काढून टाकलेली एक तांबूस घोडी तू घेऊन आलीस, तिचं नाव सगुणा ठेवलंस आणि पन्नाशी उलटल्यावर जाहीर केलंस की हिला शिकारीसाठी तयार करणार. कुत्र्यांच्या मागे घोड्यावरून दौडत जायचं!

मी किती नाराज झालो होतो, आठवतं? जीव घेण्याचा खेळ आपल्याला नको, असं म्हणालो. तू हसत सुटलीस. मग समजावलंस की तुमच्या क्लबच्या शिकारीत कोल्हा नसतोच. बडीशेपेच्या वासाचं तेल लावलेलं फडकं एक जण घोड्यावरून ओढत पुढे जातो, कुत्रे त्या वासामागे धावतात आणि माणसं कुत्र्यांमागे. शेवटी कुत्र्यांना मांसाचे तुकडे मिळतात आणि माणसांना चहा.

"आणि काय रे," तू म्हणालीस, "तुझ्या देव्हाऱ्यातला खंडोबा घोड्यावर बसलाय, खाली कुत्रा पळतोय. त्याला रोज फूल वाहतोस. मग माझ्याच घोडीजवळ कुत्रा का चालत नाही तुला?"

देव न मानणाऱ्या बाईनं माझाच देव माझ्यापुढे उभा केला!

पण कुत्रा चालत नव्हता तो सगुणाला. लहानपणी तिच्या मागच्या पायाला कुत्रा चावला होता. त्याचा वण तूच मला दाखवलास. मागून कुत्रा आला की तिचे कान मागे पडायचे आणि लाथ बसायची. शिकारीत घोड्याचे बाकी सगळे गुन्हे माफ असतात, असं तू सांगायचीस. तो उधळला, कुंपणापाशी अडला, बसणाऱ्याला पाडलं, तरी चालतं. कुत्र्याला लाथ मारली, ते मात्र माफ नाही.

तिचं शिकवणं अर्धवट राहिलं आणि तू आजारी पडलीस.

इथे मला तुझ्यावर जरा रागवायचंय. हॉस्पिटलमध्ये मी रोज तुझ्या उशाशी बसायचो. तू गप्पा मारल्यास, चेष्टा केलीस, पण घोडीचं पुढे काय, हे एका अक्षरानं बोलली नाहीस. तुझं सगळं आवरून झाल्यावर मी क्लबवर गेलो ते घोडी विकायची, असं ठरवून. ग्रॅहम, तो कुत्रे सांभाळणारा, नळीनं फरशी धूत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुझी वाटच बघत होतो, मेट. तुझी बहीण सांगून गेलीय, उरलेलं भाऊ करील."

आक्का, मला विचारायचं तरी! की विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, हे तुला ठाऊक होतं?

ग्रॅहमनं सरळच सांगितलं. घोडी राहते ते पॅडॉक, ते कुंपणाचं कुरण, क्लबचं, कुत्र्यांच्या केनेलला लागून. जूनमधल्या, हिवाळ्यातल्या पहिल्या शिकारीपर्यंत ती राहू शकते. त्या दिवशी कुत्र्यांमध्ये नीट वागली तर पुढेही राहील. नाहीतर त्याला ठेवता येणार नाही. मी विचारलं, मग तिला दुसरं कोण घेईल? तो पुन्हा नळी घेऊन फरशी धुवायला लागला. या देशात एक तरी फार्म आहे का, जिथे कुत्रा नाही? लाथ मारणारी, रेसला निकामी झालेली घोडी कुणीच घेत नाही. मग ट्रक येतो. तो ट्रक कुठे जातो, हे तुला सांगायला नको.

त्या दिवशी परत येताना मला अण्णा आठवले. अण्णांची वरातीची घोडी आठवते ना, आपण दोघं ओढ्यावर धुवायला न्यायचो ती? बँडच्या आवाजाला ती आधी किती भ्यायची! अण्णा तिला शेताच्या पार टोकाला भिजवलेले हरभरे द्यायचे, आणि बँडवाले इकडे सराव करायचे. रोज टोपली थोडी अलीकडे सरकायची. ती खायची थांबली की अण्णा टोपली पुन्हा मागे न्यायचे. तिला कधी मारलं नाही, ओढलं नाही. पुढे ताशा कानाशी वाजला तरी ती नवरदेवाला घेऊन डुलत चालायची.

मी तेच केलं. दुपारची शिफ्ट मागून घेतली आणि सकाळी गॉलरच्या रस्त्याला लागायचो. सगुणाच्या चाऱ्याची बादली केनेलपासून लांब ठेवायची, मग हळूहळू जवळ. पहिले काही दिवस ती खायचीच नाही, नुसती कुत्र्यांकडे बघत उभी राहायची. ग्रॅहम लांबून बघायचा. एकदा म्हणाला की तुझी बहीण याहून भराभर शिकवायची. मी म्हणालो, आमचे वडील भराभर नाही शिकवायचे. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून दोन म्हातारे कुत्रे आमच्याबरोबर फिरायला दिले.

लांब चाबकाची दोरी तिच्या मागच्या पायांवरून हलकेच फिरवायची, म्हणजे पायाला काही लागलं तरी दचकायचं नाही, हे ग्रॅहमनं शिकवलं. कुत्रे जवळून जाताना घोडीचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, पाठ कधी द्यायची नाही, हेही त्यानंच शिकवलं. आणि मला पुन्हा घोड्यावर बसायला शिकवलं! वरातीच्या घोडीच्या उघड्या पाठीवर बसणारा तुझा भाऊ खोगिरावरून दोनदा घसरला. तू असतीस तर हसून जमिनीवर लोळली असतीस.

मे महिन्यात घात झाला. एक म्हातारा कुत्रा खेळत खेळत तिच्या मागे गेला आणि तिनं लाथ झाडली. कुत्रा वाचला, बादलीचा चेंदामेंदा झाला. ग्रॅहमनं बादली उचलली आणि आत निघून गेला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. मी घरी येऊन देवापुढे बसलो, पण मागायचं काय तेच कळेना. घोडी माझी नाही, कुत्रे माझे नाहीत, खेळ माझा नाही. शेवटी एवढंच म्हणालो की आक्काची घोडी आहे, बघ बाबा. दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा पार टोकाला नेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तर, कालचा दिवस.

सकाळी टेकड्यांवर धुकं होतं. शिंग वाजलं, कुत्रे सुटले, आणि आम्ही सगळ्यांच्या मागे. सुरुवातीला सगुणाचे कान मागेच होते. पण दौड सुरू झाली आणि तिचे कान पुढे झाले. दोन बुटकी कुंपणं तिनं अशी ओलांडली की मला कळलंसुद्धा नाही. आक्का, तू हे का करायचीस, ते मला पन्नाशीला टेकल्यावर काल कळलं!

मग एका शेततळ्यापाशी सगळे थांबले. कुत्रे पाणी पिऊ लागले, माणसं दम खाऊ लागली. माझं तोंड सुकलं होतं. सुनीता जेवणानंतरची बडीशेप नेहमी माझ्या कोटाच्या खिशात पुडी करून ठेवते, ती मी काढली. थंडीनं बोटं बधिर झाली होती. पुडी फाटली आणि भाजलेली बडीशेप खोगिरावर, सगुणाच्या पाठीवर, तिच्या पायांशी, सगळीकडे सांडली.

कुत्र्यांना त्याच वासावर धावायला शिकवलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही गं!

आधी एकानं मान वर केली. मग सगळ्यांनी. पाण्यातून ते ओलेचिंब निघाले आणि थेट आमच्याकडे आले. तिच्या पोटाखाली, पुढच्या पायांत, मागच्या पायांत, नुसते कुत्रेच कुत्रे. तोंड वळवणार कुठे? चारी बाजूंनी कुत्रे! कुणी हाक मारेना, कुणी हलेना. ग्रॅहम तेवढा हळू आवाजात म्हणाला, "डोंट मूव्ह, मेट."

मी लगाम सैल सोडला. तोंडात येळकोट येळकोट चाललं होतं. तिचे कान मागे पडले. उजवा मागचा पाय उचलला गेला, ते मला खोगिरात कळलं. त्याच पायाशी एक कुत्रं नाक घालून दाणे चाटत होतं.

पाय तसाच राहिला. मग तिनं तो जपून, जागा बघून, खाली ठेवला. मान वळवली, त्या कुत्र्याला हुंगलं आणि फुरफुरली. कुत्र्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ग्रॅहमनं कुत्रे बोलावून घेतले. जवळ आला, खिशात काय आहे म्हणून विचारलं. जेवल्यावर आम्ही हे खातो, असं मी सांगितलं. उरलेले चार दाणे त्यानं तळहातावर घेऊन हुंगले आणि खोगिराला धरून हसत सुटला.

"मी ते तेल विकत आणतो," तो म्हणाला, "आणि तू ते खिशात घालून शिकारीला येतोस?"

सगळे हसले. मग तो सगुणाच्या मागे गेला, अगदी मागे, आणि तिच्या त्या वणावर हात ठेवला. ती उभी राहिली. तो एवढंच म्हणाला, "शी'ल डू." चालेल ही.

या माणसांची शाबासकी ही एवढीच असते, हे तूच मला सांगितलं होतंस. मला ती पुष्कळ झाली. गाडीत बसलो आणि कितीतरी वेळ किल्लीच फिरवली नाही. तू गेल्यापासून छातीवर काहीतरी होतं, ते उतरलं होतं. दुःख आहेच गं. पण त्या ट्रकची धास्ती गेली.

निघताना ग्रॅहमनं काचेवर टकटक केलं. सप्टेंबरात कुत्र्यांची नवी पिल्लं येतील. घोड्याजवळ कसं राहायचं ते त्यांना शिकवावं लागतं, त्यासाठी एक शांत घोडी पॅडॉकमध्ये लागते. सगुणा चालेल का, असं तो विचारत होता. सगुणा, आक्का! पिल्लांना शिकवायला!

मी म्हणालो, विचारून सांगतो.

कुणाला विचारणार होतो, ते त्याला कळलं असावं. मान हलवून गेला. तर आता विचारतोय, आणि तू काय म्हणणार तेही ठाऊक आहे, म्हणून उद्याच त्याला होकार कळवतो. पिल्लं येतील तेव्हा मी तिथे असेन. आणि ती म्हातारी होऊन शिकारीला चालेनाशी झाली, तरी कुणाच्या ट्रकमध्ये चढणार नाही. मी आहे तोवर नाही. हा माझा तुला शब्द.

तुझा,
बाळ्या