को साहेबांना पोचलेली पपनसं

तैचुंग, पौर्णिमेच्या सणानंतरचा बारावा दिवस

तीर्थस्वरूप शिऊ-लुआन आत्येस भाची रुओ-चिंगचा दंडवत. अंगणात चक्कर येऊन पडलीस तेव्हा लागलेलं कोपर आता वाकतं का? उन्हात टोपी घाल, हे सांगून माझी जीभ झिजली. तुझ्या बागेतली पपनसांची पेटी पोचली. (मी एकही खाल्लं नाही. का, ते पुढे. दम धर.)

तुला ठाऊकच आहे, आमच्या हृदयाच्या आयसीयूत बावीस खाटा आणि फार्मासिस्ट एकटी मी. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध रोग्याच्या नळीत जाण्याआधी तपासायचं, आणि डोस चुकला असेल तर त्यांच्या मागे हात धुऊन लागायचं. तर सणाच्या तोंडावर आमचे उपसंचालक को साहेब एक तक्ता घेऊन अवतरले : प्रत्येक आयसीयूत फार्मासिस्ट किती, आणि त्यांनी महिन्यात चुका पकडल्या किती. माझ्या रकान्यात दोन. जानेवारीत त्रेसष्ट होत्या! अगं, आठ महिने त्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं म्हणून तर ते सुधारले. पण साहेब म्हणाले, "चुकाच होत नाहीत, मग तुमचं काय काम? एक तारखेपासून तळघरातल्या औषधखिडकीवर बसा. वरचं फोनवर बघता येईल." (हेड नर्स येनबाई म्हणाल्या, "मग साहेबांनीही घरी बसून फोनवरच साहेबगिरी करावी." लिफ्टचं दार बंद झाल्यावर म्हणाल्या, पण म्हणाल्या.) मी मात्र घरी येऊन रडले, आत्या. तळघरातून मला बावीस माणसं दिसणार कशी?

मग मला अवदसा आठवली. साहेब जेवायला गेलेले बघून तुझी अख्खी पेटी त्यांच्या टेबलावर ठेवून आले. नाव लिहिलं नाही. साहेब जरा विरघळले की हळूच सांगायचं, असा बेत.

साहेब विरघळले नाहीत, कोसळले. चौथ्या दिवशी, लिफ्टमध्येच. रक्तदाब सत्तर! आणले थेट आमच्याकडे, खाट नऊ. डॉक्टर हृदयात तार घालून बघायला निघाले. मी नेहमीप्रमाणे रोजच्या गोळ्या विचारायला वाकले, तर साहेबांच्या बोटांना ओळखीचा वास. पपनसाचा! त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीवर पपनस खाल्लं की ती अंगात साचते, आणि एकटी गोळी तिघींचं काम करते. दर सणाला हे मीच रोग्यांना ओरडून सांगते. दारावरचा कागदही मीच चिकटवलाय! साहेबांच्या बायकोला विचारलं, तर म्हणाल्या, "फुकटची ना! रोज दोन संपवायचे. आम्हाला फोडसुद्धा दिली नाही मेल्याने." मी तार थांबवली, गोळीही थांबवायला लावली. दोन दिवसांत साहेब उठून बसले आणि पहिलं काय मागवलं असेल? तक्ता. माझ्या रकान्यात स्वतःच्या हाताने तीन लिहिलं. माझी बदली रद्द, आणि जोडीला दुसरी फार्मासिस्ट. ती आलीसुद्धा.

घरी थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी लाडकी (आणि थोडी गुन्हेगार)
रुओ-चिंग

ता. क. : पेटीवर तुझ्या बागेचं नाव होतं. साहेब चौकशी करणार आहेत. देवळात वाटायला दिलेल्यांपैकी असेल, असं सांग. माझं नाव घेतलंस तर तळघरसुद्धा मिळायचं नाही.

आणखी एक ता. क. : येनबाईंना नर्सा कमी पडतात. भरतीच्या साहेबांनाही रक्तदाब आहे म्हणे, म्हणून बाई पेटी शिल्लक आहे का विचारतायत. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवलं आणि माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणून परत फोडलं. आत्या, तूही सकाळी पपनस सोलता सोलता रक्तदाबाची गोळी घेतेस! कुठली गं? तुला चक्कर उन्हाने आली, हे सगळ्यांत आधी मीच म्हणाले होते. परक्या साहेबाला विचारलं ते तुला, गोळी सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी, एकदाही विचारलं नाही मी. लाज वाटते. फोन लावतेय तर तू बागेत. हे पत्र आता टपालात टाकत नाही, उद्या सकाळच्या गाडीने मीच घेऊन येते. (आता मला सुट्टी मिळते!) तू या ओळीवर पोचशील तोवर तुझे हात हुंगून झालेले असतील.