डाव्या कोपऱ्यातला शेवटचा शॉट

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अंदाजे ऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते आहे. डोकं जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, तेच बरं. मला अक्षर येत नाही. थोरल्याची मुलगी लिहिते आहे. मी बोलेन तेच लिहायचं, मध्ये शहाणपणा घालायचा नाही, अशी तिला ताकीद आहे.

कलम १. शिलाई मशीन याच नातीला. त्या मशीनवर मी एकतीस वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे कपडे शिवले. पाठीवरचे इंग्रजी आकडे मी चित्रासारखे ओळखायचे. एकदा सहा उलटा लावला आणि आमचे दोन नऊ मैदानात उतरले. तेव्हाचे पंच अजून मला ओळख देत नाहीत.

कलम २. भांडी धाकट्या सुनेला. थोरल्या सुनेने माझ्या चहाला एकदा गरम पाणी म्हटलं होतं. तिला फक्त किटली.

कलम ३. बटणांचे दोन डबे थोरल्याला. तो तेव्हा संघाचा कोच, धाकटा त्याच संघात खेळाडू. मी बाकामागे सुईदोरा घेऊन बसायचे. धाकट्याने डाव्या कोपऱ्यातून टाकलेला बॉल गेला की पांढरं बटण, हुकला की काळं. फायनलच्या वर्षाची बटणं तशीच आहेत. मोजून घे, बाबा: दहात सात पांढरी.

कलम ४. घर दोघांना, सारखं. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं आहे.

फायनलला थोरल्याचा डाव एकच: बॉल आत, उंटाकडे. उंट म्हणजे आमचा सर्वांत उंच पोरगा. मध्यंतरापर्यंत चाललं. मग समोरच्यांनी उंटाला दोन माणसं चिकटवली, तरी थोरल्याचं "उंटाला द्या" संपेना. एका गुणाने मागे, शेवटचे सेकंद. बॉल धाकट्याकडे, डाव्या कोपऱ्यात, समोर कुणी नाही. बाकाकडून हाक आली, "सोड!" त्याने सोडला. रिंगवर आपटून बाहेर.

कपडे बदलायच्या खोलीत थोरला म्हणाला, "तुला टाकायला कोणी सांगितलं?"

"तूच ओरडलास ना, दादा. सोड म्हणून."

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"म्हणजे मी खोटारडा?"

तेव्हापासून सव्वीस वर्षं थोरला मला भेटायला रविवारी येतो, धाकटा गुरुवारी.

माझा आवाज घोगरा आहे. फोनवर लोक मला थोरला समजून "सर" म्हणतात. ओरडले ती मी.

नात थांबली आहे. "आजी, हे पण लिहू?" हो, हे पण. बाकीची कलमं यासाठीच आहेत.

त्याच दिवशी सांगणार होते. पण कोचच्या डावात आईने हात घातला, असं कॉलेजभर झालं असतं. गप्प बसले. पुढे गप्प बसल्याचीच लाज वाटू लागली. आता दोघांनी मिळून माझ्यावर रागवावं. शॉट मात्र चुकीचा नव्हता. गेला नाही, एवढंच.

अट: अंगणातल्या रिंगला नवी जाळी बांधावी. थोरल्याने पास द्यावा, धाकट्याने डाव्या कोपऱ्यातून टाकावा. एकदाच. गेला नाही तरी घर दोघांचंच. या वेळी मागून हाक येणार नाही.

डाव्या हाताचा अंगठा: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी (सही)
साक्षीदार २: निवृत्त पंच, सहा-नऊवाले (सही). म्हणजे ओळख देतात तर.
स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट २०२३, बुधवार. रविवारही नाही, गुरुवारही नाही.