बंद खिडकीचे फोटो

ऑर्हूस,
२४ नोव्हेंबर

प्रिय केल,

तू आणि इंगर मजेत असाल. इंगरचा गुडघा आता जिना चढू देतो, हे ऐकून बरं वाटलं. इथे सगळं ठीक आहे. अंगणातलं सफरचंदाचं झाड शेजाऱ्यांनी छाटून दिलं, जरा जास्तच छाटलं, पण मी काही बोलले नाही. रविवारी आईकडे गेले होते. तिने मला ओळखलं आणि लगेच विचारलं, "केलने फोटो धुतले का?" इतक्या वर्षांत तिला आपल्या दोघांबद्दल एवढी एकच गोष्ट नीट लक्षात राहिली आहे: बिर्ते फोटो काढते आणि केल ते धुतो. मी हो म्हटलं.

पोर्तोहून येऊन आठवडा झाला. तू यंदा पोर्तुगालला आला नाहीस, त्यामुळे कॅमेऱ्याची तिपाई मलाच वाहावी लागली. त्या चढावर आता दम लागतो. नदीकाठी आणखी दोन हॉटेलं झाली आहेत. कॉफी मात्र पूर्वीसारखीच, आणि उजेडही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या दोन छपरांमधून ऊन त्या गल्लीत उतरतं आणि थेट दुसऱ्या मजल्यावर पडतं. असा उजेड मला जगात कुठेच मिळाला नाही. म्हणून तर आपण दरवर्षी त्याच आठवड्यात जायचो. तिपाई त्याच पायरीवर, भिंग तेच, उंची तीच. "उजेड बदलला तर तुलना संपली," असं तू मला बजावायचास, आणि तुझं खरं होतं.

अदेरितोने विचारलं, "डेन्मार्कचा तो उंच माणूस कुठाय?" खानावळ अजून चालू आहे त्याची. मी म्हटलं, त्याला सवड नव्हती.

"सवड नव्हती की तोंड नव्हतं?" तो म्हणाला. मी हसले. मला वाटलं, नेहमीची चेष्टा. त्याने माझ्यासमोर सूप ठेवलं आणि म्हणाला, "हस बाई, हस. खिडकीचा फोटो काढायला आलीस ना? काढून घे. पुढच्या वर्षी तिथे पाहुण्यांसाठी न्याहारीचं टेबल असेल."

काय म्हणतो आहे ते मला कळलं नाही. मी सूप संपवलं आणि तिपाई घेऊन गल्लीतल्या आपल्या पायरीवर गेले.

केल, खिडकी उघडी होती.

इतक्या वर्षांत या आठवड्यात पहिल्यांदा. ती हिरवी झडप भिंतीला टेकलेली, आत पडदा बाजूला, आणि दोना झुल्मिरा, आपली म्हातारी, कोपरं टेकून बसलेली. ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

"गावी नाही गेलात?" मी खालून ओरडले.

"गेले तर कुलूप बदलतील," ती वरून ओरडली. "काढ ना फोटो! बघतेस काय? आता आहे ना मी घरात! काढ, आणि मागे तारीख घाल!"

अख्खी गल्ली ऐकत होती. अख्खी म्हणजे अदेरितो आणि घरांची हॉटेलं करणारे गवंडी, दुसरं आता कोणी उरलेलंच नाही. मी फोटो काढला. तो रोल अजून तसाच आहे. आता कोणाकडून धुवून घ्यायचा, ते ठरवलेलं नाही.

मग तिने मला वर बोलावलं. बस म्हणाली नाही. टेबलावर तिच्या वकीलबाईंनी दिलेल्या कागदांच्या प्रती होत्या, आणि त्यांत माझे फोटो. एकेका वर्षाचा एकेक. तीच इमारत, तोच उजेड. बाकीच्या खिडक्यांत कधी कपडे, कधी कुंडी, कधी एखादं पोर. दुसऱ्या मजल्यावरची हिरवी झडप प्रत्येक फोटोत बंद. शेजारी फोटोंच्या मागच्या बाजूची नक्कल, त्यावर तारीख, आणि अक्षर तुझं. तू सातच्या आकड्याला आडवी रेघ मारतोस ना, ती मी उलट्या बाजूनेही ओळखते.

मला तू काय सांगितलं होतंस, ते आठवून बघ. पोर्तोतल्या एका गृहस्थाला खिडक्यांची मालिका आवडली आहे, त्याला त्या त्याच्या कचेरीत लावायच्या आहेत. मी इतकी खूश झाले की आईला फोन केला. ते गृहस्थ म्हणजे घराचे नवे मालक, हे मला दोना झुल्मिराच्या तोंडून कळावं?

त्यांच्याकडे असा नियम आहे की भाडेकरू वर्षभर घरात राहिला नाही, तर मालकाला घर परत मागता येतं. मालकाचं म्हणणं, ही बाई कित्येक वर्षं बहिणीच्या गावी राहते, इथे फक्त कुलूप राहतं. पुरावा काय? एका परदेशी छायाचित्रकाराने वर्षानुवर्षं, कोणाचीही बाजू न घेता टिपलेली बंद खिडकी. वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या फोटोंवर निकाल लागणार नाही. पण साक्षीला अदेरितोखेरीज शेजारी उरले नाहीत, आणि तिचं वीजबिल पहिल्यापासून इतकं कमी, की तेही मालकाच्याच कामी येतं. ती एका खोलीत दिवा लावते, केल. काटकसर करते.

तू खोटं एक अक्षर लिहिलं नाहीस. तारखा खऱ्या, फोटो खरे, खिडकी खरोखर बंद. मी विमानात बसून तुझी बाजू मांडत होते. केलला काय ठाऊक, मालक ते कशासाठी वापरणार? तो धुणारा माणूस, त्याने मागितलेले फोटो दिले.

पण तुला ठाऊक होतं. ती खिडकी का बंद असते, हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. एक नोव्हेंबरला, संतांच्या सणाला, ती नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला गावी जायची, मग बहिणीच्या झाडांखालचे चेस्टनट वेचायची, आणि अकरा तारखेला, सेंट मार्टिनच्या दिवशी, पोतं घेऊन बसने परत यायची. पहिल्या आठवड्यात आपण खिडकी काढायचो, दुसऱ्या आठवड्यात नदी, आणि ती परतली की त्याच संध्याकाळी तिच्या दारातल्या पायऱ्यांवर चेस्टनट भाजले जायचे. सगळ्यांत जास्त कोण खायचं? एका वर्षी तिची बस चुकली, तर तू दुपारपासून अदेरितोला विचारत होतास, "आमची म्हातारी आली का?"

तिने ते कागद पुढे सरकवले आणि मला विचारलं, "हे अक्षर त्याचंच ना? इथे बसून बोटं भाजून घ्यायचा, त्याचंच?"

मी हो म्हटलं.

"मग त्याने त्यांना सांगितलं का नाही, की बाई चेस्टनट आणायला गेली आहे?"

मी म्हटलं, त्याला विचारते. ती म्हणाली, "विचारू नकोस. मला उत्तर नको, मला फोटो हवेत. माझे. पायऱ्यांवरचे, या चुलीपुढचे. इतके काढलेत तुम्ही दोघांनी, कुठे गेले?"

म्हणून आल्या आल्या मी तुला फोन केला आणि दुसऱ्या आठवड्यांच्या निगेटिव्ह मागितल्या. त्यांत ती दरवर्षी आहे: पायऱ्यांवर, दारात, चुलीपुढे, आणि एकदा तुझ्या डोक्यावर टोपली घालताना. तू म्हणालास, तळघरात पाणी शिरलं होतं, तो डबा गेला. तुझा आवाज इतका साधा होता की मी "अरेरे" म्हटलं. तुझंच सांत्वन केलं मी.

दुसऱ्या दिवशी इंगरशी बोलले, गुडघ्याची चौकशी करायला म्हणूनच. ती म्हणाली, "बिर्ते, तुझा तो पोर्तोचा डबा जिन्याखालून कधी नेतेस गं? झाडू मारताना दरवेळी पायात येतो." मी विचारलं, भिजला होता का? ती म्हणाली, "आमच्या तळघरात पाणी? कधी?"

मी तिला सगळं सांगितलं. रागावू नकोस तिच्यावर. ती म्हणाली, "मी ती बाई पाहिली नाही, पण तिचे चेस्टनट मी खाल्ले आहेत." तू दरवर्षी इंगरसाठी पिशवी भरून न्यायचास, ते मी विसरलेच होते. शनिवारच्या गाडीने ती डबा घेऊन माझ्याकडे येते आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ती निघायच्या तयारीत असेल. तिला अडवू नकोस, आणि डब्यातून काही काढलं असशील तर परत ठेव. मी प्रत्येक रोल ओळखते.

सुनावणी फेब्रुवारीत आहे. मी साक्षीला जाते आहे. पायरी कुठली, आठवडा कुठला आणि का, हे मी सांगेन. मग मला विचारतील की हे फोटो मालकाकडे कोणी दिले, आणि देणाऱ्याला ती गावी जाते हे माहीत होतं का. वकीलबाईंनी मला विचारलं, भावाविरुद्ध बोलणं जमेल का? मी म्हटलं, जमेल. बोलून गेले आणि मग त्यांच्या जिन्यात बसून राहिले. एक गवंडी विटा घेऊन वर जात होता, तो माझ्याभोवती वळसा घालून गेला.

तू हे का केलंस, ते मी विचारत नाही. मालकाने तुझ्या कामाची स्तुती केली असेल. इतकी वर्षं सगळे माझे फोटो म्हणतात, तुझं नाव कोणी घेत नाही, तेही असेल. मला सांगितलं असतंस तर प्रत्येक फोटोखाली तुझं नाव पहिलं घातलं असतं. पण मी तुला तुझं घर मागितलं असतं आणि तू दिलं नसतंस, तर ते मला समजलं असतं. तू दुसऱ्याचं घर दिलंस, माझ्या हाताने.

आईला मी काहीही सांगणार नाही. ती विचारेल तेव्हा, केलने फोटो धुतले, असंच सांगेन.

मला उत्तर लिहू नकोस. लिहायचं असेल तर दोना झुल्मिराला लिही. तिचा पत्ता तुला पाठ आहे. फेब्रुवारीपर्यंत तरी तो बदलणार नाही.

तुझी बहीण,
अजूनही, आणि नाइलाजाने,
बिर्ते