जॉयस्टिक देऊ नका

बाबा,

कालपासून तुम्ही बोलत नाही, फोनही उचलणार नाही, म्हणून बुटीबोरीले कामावर निघता निघता लिहून राहिली. काल तुम्ही जॉयस्टिक विकायला काढली, ती घ्यायला अकराला तो माणूस येईल. त्याले ती देऊ नका.

चूक माझी आहे. कॉम्प्युटरवर तुमच्या जुन्या गेमचं चित्र अडखळत होतं. तो गेम सेकंदाला पंचावन्न चित्रं दाखवतो, आपला मॉनिटर साठ. म्हणून परवा मी एक सेटिंग चालू केली. चित्र नीट धावलं, पण बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटायला लागली. आज सकाळी स्वतः खेळली तेव्हा हे मले कळलं. गेममध्ये तुम्ही मरता तिथंच मीही मेली, तिसऱ्या पुलावर.

आणि काल मामासमोर मी म्हटलं, लकव्यानं तुमचा उजवा हात गेला, आता खेळणं जमत नाही. तुम्ही काहून ऐकून घेतलं? रागवायचं तरी होतं माझ्यावर.

सेटिंग बंद केली आहे. चित्र पुन्हा अडखळेल, अडखळू द्या. औषध घ्या आणि उजव्याच हातानं खेळा. बेल वाजली तरी उठू नका. सदर भागातल्या आपल्या गेम पार्लरमध्ये तुम्ही एका कॉईनवर शटर पाडायच्या वेळेपर्यंत खेळत होते, तेव्हा कोणासाठी उठले होते?

दीप्ती