शेवटच्या घरातलं व्होल्टेज

९ नोव्हेंबर
“वरच्या वाडीच्या माझ्या माणसांनो! खाली पोलादपुरात झगझगाट, आणि आपल्या शेवटच्या चार घरांत बल्ब पेटलाय की नाही ते बघायला काडी ओढावी लागते!” धर्माच्या खळ्यावर आज अशी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. सखूबाई म्हणाली, “भाऊ, बोलता झ्याक. पन माझा मिक्सर काय तुमचं भाषण ऐकत नाय.” सगळे हसले. मीही.

संध्याकाळी सुमनचा फोन. डोंबिवलीला लेकीकडे आहे, पावसाळ्यातल्या आजारपणापासून. ऑक्सिजनचं मशीन दोनशे व्होल्टच्या खाली ओरडून बंद पडतं, म्हणून.
“आज किती?”
“एकशे चाळीस.”
“मंजे तुमच्या वयाच्या दुप्पट. बरंच हाय की.”
पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही असं काही बोलू असं वाटलं नव्हतं. रोज हा एकच प्रश्न. स्टॅबिलायझरचा काटा बघून उत्तर देतो. एवढं कमी आलं की तो स्टॅबिलायझरही हात टेकतो.

११ नोव्हें.
तक्रारीवरून लाईनमन आला. भर दुपारी. घरात काही चालू नाही. मीटर लावला. “काका, दोनशे वीस आहे. फुल.” मी आवाज चढवला, तो शांतपणे वायर गुंडाळून निघून गेला. आकडा खरा होता, हाच राग.
लेक म्हणते, “बाबा, लाईट गेली तर सिलिंडर आहे. पण रोजची संध्याकाळ सिलिंडरवर नाही काढता येणार. दोनशे राहात असेल तर रविवारी आणते आईला.”
दुपारचा आकडा सांगून टाकावा? जीभ वळत होती. संध्याकाळी सुमनचा फोनच उचलला नाही.

१२ नोव्हें.
महाड. यासीनच्या दुकानात. कुवेतहून परतल्यापासून मोटारी रिवाइंड करतो. शाळेपासूनचा मित्र, शाळेपासूनचा विरोधी पक्ष.
“भाषणानं व्होल्टेज चढत असतं तर तुझ्या वाडीत बारा महिने दिवाळी. हा मीटर ने. आधी विजेची शेगडी लाव, मग मोज. जेवून उठलेल्याला भूक लागली का म्हणून कोण विचारतो?”

१३ नोव्हें.
इतकी पुस्तकं वाचली, हे गणित मात्र मॅट्रिकनंतर आज.
शेगडीवर लिहिलंय २३० व्होल्ट, १००० वॅट. वॅट भागिले व्होल्ट, म्हणजे करंट ४.३५ अँपिअर. व्होल्ट भागिले करंट, म्हणजे रोध ५३ ओहम.
दुपारी शेगडी बंद, २२० व्होल्ट. चालू केली, १६५. करंट १६५ भागिले ५३, म्हणजे ३.१. गुणाकार ५११ वॅट. हजाराची शेगडी अर्धी! व्होल्टेज पाऊण झालं की आचही पाऊण होईल असं मी इतके दिवस समजत होतो. पण व्होल्टेजबरोबर करंटही घटतो, दोन्ही बाजूंनी मार.
आणि ते ५५ व्होल्ट कुठे गेले? ५५ भागिले ३.१, जवळपास १८ ओहम. एवढ्या लांबीच्या चांगल्या तारेला दोन पुरेत.
मग बाकीचे सोळा कोण खातंय? विजेचं ऑफिस, अजून कोण! उद्या घेतोच त्यांना.

१४ नोव्हें.
ऑफिसला गेलो नाही.
माझी शेगडी चालू ठेवून धर्माच्या घरी मोजलं. खालून येताना तिसऱ्या खांबाच्या अलीकडे त्याचं घर. २१४. पलीकडे सखूबाईकडे, १६५. खांबाकडे वर बघितलं. दोन तारांचा काळपट पिळा. माझ्या शेगडीचे दीडशे वॅट तिथे, हातभर तारेत तापत बसलेले.
“हा जोड कधीचा रे, धर्मा?”
तो खाली बघून भात चाळत राहिला. मग म्हणाला, “भाऊ, तुमी वयनींना घेऊन मुंबईला व्हता तवा वाऱ्यानं तार तुटली. माणूस कवा येईल काय भरवसा नाय. खालून लाईन बंद करून आमीच मारला पिळा. म्हटलं, वयनी घरी येतील तवा उजेड पायजे.”
आयुष्यभर समोरच्याकडे बोट करून बोललो.
“ऑफिसात सांगावं लागेल.”
“नको वो भाऊ. केस करतील. लाईनच कापतील.”

१५ नोव्हें.
“आज किती?”
“एकशे पंचेचाळीस. पण कशामुळे ते सापडलंय.”
“कशामुळे?”
नाही सांगितलं. तिच्यासाठीच बांधलेला जोड तिला अडवतोय, हे फोनवर कसं…
पलीकडून मशीनची घरघर. म्हणाली, “फोन जरा अंगणात धरा ना.” धर्माच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. ऐकत राहिली. “धर्माच ना तो? दोन फटके मारतो, मग थांबतो. …अहो, इथं भिंतीपलीकडं कोण ऱ्हातं ते बी मला ठावं नाय.”
दोनशे. फक्त दोनशे पाहिजेत.

१६ नोव्हें.
थोड्या वेळाने खळ्यावर जायचंय. धर्मा येतो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. काय बोलायचं ते आधी लिहून काढतो, तिथे आवाज चढायला नको.

माझ्या माणसांनो, तुम्ही तो जोड मारलात तो सुमनसाठी. हे उपकार माझ्यावर आहेत, आणि केस झाली तर पहिलं नाव माझं घालायला सांगेन. पण माया आहे म्हणून तारेचा रोध कमी होत नाही. रोज संध्याकाळी तिथे तापतोय, एखाद्या दिवशी ठिणगी खाली रचलेल्या तुमच्या भाताच्या उडव्यांवर पडेल. हक्क मागायला मी तुम्हाला शंभरदा नेलंय. आज खरं सांगायला चला. खांबावर कोणी चढायचं नाही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने माझ्याबरोबर पोलादपूरच्या ऑफिसात या, आणि तिसऱ्या खांबाचा पिळा आम्ही मारलाय, तो काढून नीट जोडून द्या, असं आपल्या तोंडाने सांगा.